पाठमोरी परीक्षा

तोंडी परीक्षा म्हटली की पोरांची बोबडी वळते, हा सगळीकडचा अनुभव. या मॅडमच्या परीक्षेला मात्र कुणाची कधी वळली नाही. पोरं आत जाताना जरा पांढरी पडलेली असत, बाहेर येताना खिदळत येत. विषय रक्ततपासणीचा. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, समोर दिसेल ते ओळखायचं आणि शेजारी बसलेल्या मॅडमच्या दोनचार प्रश्नांना तोंड द्यायचं, एवढंच. पलीकडच्या लॅबमधल्या सरांकडे निम्मा वर्ग गारद व्हायचा आणि मॅडमकडे सगळे पास. बरं, मॅडम मार्कांची खैरात करणाऱ्यातल्याही नव्हत्या. चुकीच्या उत्तराला शून्य म्हणजे शून्य. आता पोरं चुकतच नव्हती, त्याला त्या बिचाऱ्या काय करणार?

"तुमच्या हाताला काहीतरी गुण आहे बुवा," विभागप्रमुख म्हणायचे.

"कसला गुण सर, पोरंच हुशार आहेत," असं म्हणून मॅडम मान खाली घालायच्या आणि आतून टम्म फुगायच्या. खोटं कशाला बोला, कौतुक कुणाला नको असतं? त्यात कॉलेज सोडून गेलेली पोरंही त्यांना विसरत नसत. कुठल्या कुठल्या लॅबमधून फोन यायचे, मोबाईलवर स्लाईडचे फोटो यायचे. "मॅडम, एक बघता का जरा?" मॅडम हातातलं काम टाकून बघायच्या आणि जेवताना नवऱ्याला सांगायच्या, बघ, अजून आठवण काढतात.

तर हा निकालांचा डंका विद्यापीठाच्या प्रशिक्षण विभागापर्यंत पोचला आणि तिथून टप्पे सर आले. टप्पे हे त्यांचं आडनाव नव्हे. त्यांना सगळंच टप्प्याटप्प्यानं सांगायची खोड होती म्हणून अख्ख्या विद्यापीठानं केलेलं ते बारसं. कधीकाळी ते स्वतः शिकवत असत म्हणे, पण आता शिकवणाऱ्यांना कसं शिकवायचं ते शिकवत. नव्या प्राध्यापकांसाठी मार्गदर्शक पुस्तिका निघणार होती. त्यातलं 'तोंडी परीक्षा कशी घ्यावी' हे प्रकरण मॅडमनी लिहायचं आणि सोबत त्यांच्या परीक्षेचा एक नमुना व्हिडिओ करायचा, असं ठरलं.

"पहिला टप्पा, नजरेला नजर," टप्पे सर म्हणाले. "दुसरा टप्पा, प्रोत्साहन. तुमच्यात हे दोन्ही उपजत आहे मॅडम. हेच तर आम्हाला टिपायचंय."

व्हिडिओसाठी विद्यार्थिनी निवडायला मॅडमना क्षणभरही विचार करावा लागला नाही. वर्गातली एक मुलगी सांगितलेलं सगळं असं शोषून घ्यायची की पोरांनी तिचं नावच टीपकागद ठेवलं होतं. तिची नोकरीसुद्धा ठरल्यात जमा होती. शहराच्या टोकाला असलेल्या हॉस्पिटलनं संध्याकाळच्या पाळीची जागा तिच्यासाठी अडवून ठेवली होती. त्या पाळीला लॅबमध्ये एकच माणूस असतो. रक्त येणार, तिनं बघायचं, तिनं सांगायचं. अट एवढीच की या वर्षीची प्रात्यक्षिक परीक्षा पास व्हायला हवी, आणि ती तर मॅडमच्याच हातात. व्हिडिओत टीपकागदनं फडाफडा उत्तरं दिली. टप्पे सर खूश, विभागप्रमुख खूश. सगळं कसं छान चाललं होतं.

मॅडमनी तो व्हिडिओ पहिल्यांदा नीट पाहिला तो दातांच्या दवाखान्यात.

लेकीच्या दातांच्या तारा आवळायच्या होत्या. लेक नववीतली. तारांमुळे शब्द चावत बोलायची, पण बोलायची मात्र दिवसभर. नंबर यायला वेळ होता आणि भिंतीवर पाटी होती, मोबाईलचा आवाज बंद ठेवा. मॅडम नियमाच्या पक्क्या. त्यांनी आवाज बंद करून व्हिडिओ लावला. मायक्रोस्कोपवर वाकलेली टीपकागद, शेजारी स्वतः. टीपकागदचे ओठ हलले, मग पडद्यावरच्या मॅडमनी हनुवटी वर केली. पुन्हा ओठ हलले, आता पडद्यावरच्या मॅडम पेनाचं टोपण काढायला लागल्या.

"हे चुकलं," शेजारून लेक म्हणाली.

"गप गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

"आता तिनं बदललं बघ. हां, हे बरोबर."

मॅडमनी व्हिडिओ थांबवला. मागे नेला. ते उत्तर खरंच आधी चुकलं होतं आणि मग टीपकागदनं ते सुधारलं होतं. चित्रीकरणाच्या वेळी मॅडमना वाटलं होतं, वा, पोरगी स्वतःच विचार करून सुधारते. त्यांनी पुढचा तुकडा लावला, आणि लेकीचा चेहरा बघत राहिल्या.

"बरोबर," लेक म्हणाली. "हे पण बरोबर. हे चूक. अजून चूक. हां, आता बरोबर."

रक्तातली पांढरी पेशी आणि तांबडी पेशी यांतला फरक माहीत नसलेल्या, तोंडात तारा घातलेल्या पोरीनं आवाज न ऐकता एक सोडून सगळी उत्तरं अचूक तपासली.

"कसं ओळखलंस तू?"

"त्यात काय? तुझ्या तोंडावर येतं ना. चुकलं की तू टोपण काढतेस आणि श्वास धरतेस. बरोबर असलं की हनुवटी वर. मी रोजच बघते. नाहीतर तुझी परवानगी कधी मागायची ते मला कसं कळणार?"

तेवढ्यात लेकीचा नंबर लागला. मॅडम एकट्याच खुर्चीवर बसल्या. मग उठल्या. पाण्याच्या मशिनपाशी गेल्या, पाणी न पिताच परत आल्या. शेजारचे आजोबा म्हणाले, दुखतंय का फार? मॅडम म्हणाल्या, नाही, मी फक्त सोबत आलेय. पोरं स्लाईड बघतच नव्हती. पोरं त्यांना बघत होती. सगळी, आणि कोण जाणे किती वर्षं.

घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सांगितलं. नवरा खो खो हसला.

"अगं, तुझ्याशी पत्ते खेळताना मी पानं कुठे बघतो? तुलाच बघतो. लग्न झाल्यापासून जिंकतोय. तुला आज कळलं?"

"हसतोस काय मेल्या! तुझा खेळ आहे. माझी पोरं बाहेर माणसांचं रक्त तपासतायत."

तेव्हा कुठे नवऱ्याचं हसू आवरलं. मॅडम मात्र एका जागी ठरेनात. भांडी विसळली, विसळलेलीच पुन्हा विसळली. आरशासमोर उभं राहून चेहरा दगडासारखा करून पाहिला, तर भुवया आपोआप वर. एक भुवई बोटानं दाबली, दुसरी उठली. आणि मधेच फोन वाजला.

जुना विद्यार्थी होता, दुसऱ्या शहरातल्या लॅबमध्ये नोकरीला लागलेला. फोटो पाठवलाय, म्हणाला. मॅडमनी फोटो उघडला. एरवी त्या लगेच म्हणाल्या असत्या, हं, बोल. आज त्या काहीच बोलल्या नाहीत.

"मॅडम, या कोवळ्या पेशी आहेत ना? म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये येतात तशा?"

मॅडम गप्प.

"म्हणजे... नसतील. साध्याच असतील. मोठ्या दिसतायत एवढंच."

मॅडम गप्प.

"की कोवळ्याच? मॅडम? ऐकू येतंय का मॅडम?"

पलीकडे एक माणूस आपल्या रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत होता. तिथे परीक्षा घेत बसायची सोय नव्हती. "कोवळ्याच आहेत," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या डॉक्टरांना दाखव. उद्या नाही, आत्ताच्या आत्ता." पोरगा थँक्यू थँक्यू म्हणत राहिला. मॅडमनी फोन ठेवला. आजवर त्यांना वाटत होतं ही पोरं प्रेमानं फोन करतात. प्रेम असेलही. पण पोरांना त्यांच्या 'हं'शिवाय एक पाऊल टाकता येत नव्हतं, हे आज कळलं आणि त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी आडपडदा न ठेवता विचारलं, "खरं सांगा, माझा चेहरा बघून उत्तर कोण कोण देतं?"

मागच्या बाकावरून एक दबकं हसू आलं. मग तिथल्याच एका धीट पोरानं हात वर केला.

"मॅडम, राग मानू नका. आम्हाला सीनियर्सनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. टोपण निघालं की उत्तर बदला."

"आणि त्यांना कुणी सांगितलं?"

"त्यांच्या सीनियर्सनी."

म्हणजे मॅडम जे शिकवत होत्या ते दर वर्षी पुसलं जात होतं आणि हे मात्र इमानेइतबारे पुढच्या बॅचच्या हाती जात होतं. यावर हसावं की रडावं तेच मॅडमना कळेना. टीपकागद तेवढी तावातावानं म्हणाली, "मी नाही बघत, मॅडम. मला येतं सगळं."

"मग दाखव."

मॅडमनी मायक्रोस्कोप लावला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या. टीपकागदनं उत्तर दिलं, बरोबर. पुढचं, बरोबर. मॅडमना जरा हायसं वाटायला लागलं, तोवर कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी डोळे वर केले, तर समोर काचेचं कपाट. कपाटाच्या काचेत त्यांचा चेहरा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघणारी टीपकागद, दोघी स्वच्छ दिसत होत्या. टीपकागद लालेलाल झाली. तिचं तिलाही ठाऊक नव्हतं, पोरगी खोटं बोलत नव्हती.

मॅडमनी खुर्ची उचलून बेसिनकडे नेली. तिथे नुसत्या मळकट फरशा. आता टीपकागदनं उत्तर दिलं, बरोबर दिलं, आणि थांबली. "म्हणजे... नाही," ती म्हणाली आणि उत्तर बदललं. पुन्हा बदललं. मग तिनं मायक्रोस्कोपपासून डोळा काढला.

वर्ग संपल्यावर ती मॅडमच्या खोलीत आली. रडली नाही. संतापली होती.

"हे तुम्हाला आत्ताच सुचायचं होतं, मॅडम? परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. माझी जागा ते किती दिवस अडवून ठेवणार? नेहमीसारखं बसा ना समोर. एवढी एक परीक्षा होऊ द्या."

"आणि तिथे? त्या लॅबमध्ये संध्याकाळी तुझ्यासमोर कोण बसणार आहे?"

"म्हणजे मला काहीच येत नाही, असंच ना?"

"येतं गं. तेच तर सांगतेय. तू पहिल्यांदा बोललीस ते बरोबर होतं. मग मी गप्प राहिले आणि तू घाबरलीस."

"तुम्हीच शिकवलंत घाबरायला," टीपकागद म्हणाली आणि दार न लावता निघून गेली. मॅडमना ते लागलं, कारण त्यात खोट काढायला जागा नव्हती.

पुढचे दिवस नुसती धुसफूस. मॅडम सराव घ्यायच्या तो बेसिनकडे तोंड करून. पोरं चिडायची, चुकायची, एकमेकांचे चेहरे वाचायला बघायची. मॅडम घरी येऊन लेकीवर खेकसायच्या आणि मग तिलाच जवळ घ्यायच्या. विभागप्रमुखांनी बोलावून विचारलं, "हे काय ऐकतोय मी? निकाल पडला तर वरच्यांना मी काय तोंड दाखवू?" टप्पे सर तर धावतच आले.

"मॅडम, नजरेला नजर हा पहिला टप्पा आहे! व्हिडिओ मंजूर झालाय. तुम्ही आता पाठ फिरवून कसं चालेल?"

"तुमच्या सगळ्या टप्प्यांत विद्यार्थ्यानं स्लाईडकडे बघायचा टप्पा कुठाय, सर?" मॅडमनी विचारलं.

टप्पे सर विचार करून कळवतो म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांना खरंच विचार करायला वेळ लागायचा.

मॅडमनी निर्णय बदलला नाही, पण छातीठोकपणे घेतला असंही नाही. मुलगी नापास झाली तर तिची जागा जाणार, आणि ती जाणार आपल्यामुळे, हे त्यांना घास गिळू देत नव्हतं. इतकी वर्षं चालवून घेतलं, आणखी एक वर्ष चालवून घेतलं तर काय बिघडेल, असंही मनात यायचं. मग तो फोन आठवायचा. टीपकागद सरावाला यायची, पण मॅडमशी कामापुरतंही बोलत नव्हती. मायक्रोस्कोपवर मात्र आता जास्त वेळ वाकलेली असायची. खुर्ची करकरली की मॅडमना कळायचं, ती अजून बघतेय.

परीक्षेच्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. उंच, शांत गृहस्थ, खिशात खोकल्याच्या गोळ्या. टेबलांवर मायक्रोस्कोप ओळीनं मांडलेले, प्रत्येकात एक स्लाईड, आणि नियम नेहमीचे. स्लाईड सरकवायची नाही, फक्त फोकसचा बारीक स्क्रू फिरवायची मुभा. मॅडमनी उत्तरं लिहिलेला कागद परीक्षकांच्या हाती दिला आणि म्हणाल्या, "प्रश्न तुम्ही विचारा, मार्क तुम्ही लिहा. मी इथे बेसिनपाशी बसते."

"का बरं?"

"माझं तोंड फार बोलतं," मॅडम म्हणाल्या. परीक्षकांना काही कळलं नाही, पण त्यांनी गोळी तोंडात टाकली आणि मान हलवली.

पोरं येत गेली. काही तरली, काही गडगडली. धीट पोरगा पहिल्याच टेबलावर आपटला आणि पुढे कसाबसा सावरला. मॅडमच्या डोळ्यांपुढे मळकट फरशा आणि पाठीमागे एकेक आवाज. त्या पदर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग टीपकागदचा आवाज आला. पहिलं टेबल, बरोबर. दुसरं, ती अडखळली, पण बदललं नाही, बरोबर. मॅडमनी श्वास सोडला. तिसऱ्या टेबलावर चुकली. चौथ्यावर पुन्हा बरोबर. आता शेवटचं टेबल राहिलं होतं आणि पाचांतली चार बरोबर आल्याशिवाय पास नव्हतं. मॅडमना मात्र घोर नव्हता, कारण तिथली स्लाईड सगळ्यांत सोपी होती. मलेरियाची. मॅडम नोकरीला लागल्या तेव्हा त्यांनीच शोधून, जंतू असलेल्या पेशीभोवती शाईनं बारीक वर्तुळ काढून ठेवलं होतं. म्हणजे दर वर्षी शोधाशोध नको. त्या स्लाईडवर आजवर कुणीही चुकलेलं नव्हतं.

"काय दिसतंय?" परीक्षकांनी विचारलं.

"तांबड्या पेशीत ठिपका आहे. मलेरियाच्या जंतूसारखा." थोडं थांबून टीपकागद म्हणाली, "पण मलेरिया नाहीये."

परीक्षकांनी कागद पाहिला असावा, कारण ते जरा मायेनं म्हणाले, "घाई नाही. पुन्हा एकदा बघा बरं."

अरे देवा, मॅडमना वाटलं, यांचं तोंडही बोलतं की! पण देव पावला, आता पोरगी बदलणार. पूर्वीची टीपकागद एवढ्या इशाऱ्यावर केव्हाच बदलली असती. खुर्ची करकरली. ती पुन्हा वाकली होती. मॅडमच्या सगळ्या अंगात एकच गोष्ट भरून आली, वळावं. नुसतं वळावं. टोपण काढायचीही गरज नव्हती. पोरीनं एकदा बघितलं असतं तरी तिची जागा वाचली असती. मॅडमनी बेसिनची कड दोन्ही हातांनी धरली. हे कसलं खूळ डोक्यात घेतलं आपण, एका पोरीचं वाटोळं करतोय, वळ गं बाई, वळ! डोळ्यांतून पाणी आलं. पण त्या वळल्या नाहीत.

"नाही सर," टीपकागद म्हणाली. "मी बारीक स्क्रू फिरवून बघितलं. जंतू पेशीच्या आत असता, तर पेशी आणि तो एकदमच स्पष्ट दिसले असते. इथे ठिपका स्पष्ट झाला की पेशी धूसर होते आणि पेशी स्पष्ट झाली की ठिपका. म्हणजे तो आत नाही, वर बसलाय. आणि भोवती फिकट कडा आहे. ही प्लेटलेट आहे. तांबड्या पेशीवर येऊन पडलेली."

"कागदावर मलेरिया आहे," परीक्षक म्हणाले.

"असू दे. मी बदलणार नाही."

आता मात्र मॅडम उठल्या. त्यांना वाटलं होतं पोरीला समजावावं, कुठे चुकली ते दाखवावं. त्या कुणाकडेही न बघता मायक्रोस्कोपवर वाकल्या. ओळखीचं वर्तुळ, ओळखीचा ठिपका. वर्षानुवर्षं त्यांनी वर्तुळ जागेवर आलं की पुढच्या टेबलाकडे जायचं, एवढंच केलं होतं. त्यांनी बारीक स्क्रू फिरवला. ठिपका स्पष्ट झाला, पेशी विरली. उलटा फिरवला. पेशी आली, ठिपका विरला. पुन्हा फिरवला. आणखी एकदा फिरवला. पेशंट मलेरियाचाच होता यात वाद नव्हता, पण नोकरीच्या पहिल्या वर्षीच्या त्या उत्साही पोरीनं, म्हणजे खुद्द मॅडमनीच, घाईघाईनं वर्तुळ काढलं होतं ते भलत्याच पेशीभोवती. स्लाईडवर कुठेतरी जंतू होतेही असतील. वर्तुळात नव्हता.

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर काय उमटलं होतं ते आता लपवायचं कारण नव्हतं.

"प्लेटलेटच आहे," त्या परीक्षकांना म्हणाल्या. "कागदावर लिहिलेलं चूक आहे. हिचं बरोबर. पूर्ण मार्क द्या."

परीक्षकांनी स्वतः वाकून पाहिलं, स्क्रू फिरवला, हं म्हणाले आणि कागदावर काट मारली. टीपकागद पास झाली होती, पण ती हसली नाही. ती मॅडमकडे बघत होती, आणि बहुधा पहिल्यांदाच काही ओळखण्यासाठी बघत नव्हती.

"मॅडम, आमच्या आधीच्या बॅचेसना पण हीच स्लाईड होती?"

"हीच."

"आणि ते काय म्हणाले होते?"

"मलेरिया," मॅडम म्हणाल्या. "सगळे. एकजात सगळे. आणि मी प्रत्येकाला पूर्ण मार्क दिले."

दाराबाहेर पुढचं पोर ताटकळत होतं. मॅडमनी त्याला आत बोलावलं आणि पुन्हा बेसिनकडे तोंड करून बसल्या.